वाचकांचे प्रश्न : आल्फ्रेड सिस्ले, आभाळापासून सुरुवात करणारा चित्रकार

गेल्या अंकात पॅरिस येथील १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलता प्रकाश डोळ्यांना दिसतो तसा रंगवणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्या प्रदर्शनात भाग घेतलेल्या तिसेक चित्रकारांपैकी आल्फ्रेड सिस्ले याच्याविषयी अधिक माहिती द्यावी, अशी पत्रे बऱ्याच वाचकांनी पाठवली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मोने, रन्वार, देगा यांच्याविषयी मराठीत थोडेफार वाचायला मिळते, सिस्लेचे नाव मात्र यादीच्या शेवटी, ‘इत्यादी’च्या अलीकडे येऊन थांबते. हा चित्रकार नेमका कोण होता? तो इंग्रज की फ्रेंच? आणि त्याला ‘सर्वांत अस्सल दृक्प्रत्ययवादी’ का म्हणतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कागदोपत्री इंग्रज आणि बाकी सर्वार्थाने फ्रेंच, असे त्याचे वर्णन करता येईल. सिस्लेचा जन्म ३० ऑक्टोबर १८३९ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील दोघेही इंग्रज असून वडिलांचा व्यापारात चांगला जम बसलेला होता. मुलानेही तीच गादी चालवावी या हेतूने त्यांनी त्याला १८५७ मध्ये लंडनला पाठवले. तेथील तीन-चार वर्षांत व्यापारापेक्षा त्याचे लक्ष कॉन्स्टेबल आणि टर्नर या इंग्रज निसर्गचित्रकारांच्या चित्रांकडेच अधिक राहिले. पॅरिसला परतल्यावर १८६२ मध्ये तो शार्ल ग्लेर यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. त्याच सुमारास मोने, रन्वार आणि बाझील हे तिघेही तेथे शिकत होते, हा कलेच्या इतिहासातला मोठाच योगायोग म्हटला पाहिजे. चित्रशाळेत मॉडेल बसवून मानवाकृतीचा अभ्यास चाले. या चौघांचा ओढा मात्र पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्याकडे होता आणि अरण्यालगतच्या शाय्यी या गावी जाऊन ते उघड्यावर चित्रे काढू लागले. १८६४ मध्ये ग्लेर यांची चित्रशाळा बंद पडली, तेव्हा त्यांचे तेथील शिक्षण तसेही संपलेलेच होते.

पुढची पस्तीस वर्षे सिस्लेने जवळजवळ केवळ निसर्गचित्रेच काढली. त्याच्या सुमारे नऊशे तैलचित्रांत व्यक्तिचित्रे आणि स्थिरचित्रे अगदी थोडी आहेत. याउलट त्याचे मित्र पाहा. रन्वार मानवाकृतींकडे वळला. पिसारोने १८८० नंतरच्या दशकात काही वर्षे ठिपक्याठिपक्यांच्या रंगलेपनाची कास धरली. मोने मालिकाचित्रे करीत करीत अखेरीस आपल्या बागेतल्या तळ्यात शिरला. सिस्ले होता तेथेच राहिला. नदी, रस्ता, पूल, झाडे, घरांच्या भिंती आणि या सर्वांवरचे आभाळ, एवढाच त्याचा संसार. ‘दृक्प्रत्ययवादी चित्रकाराचे नमुनेदार उदाहरण कोणते?’ असे तरुण चित्रकार मातीसने वृद्ध पिसारोला विचारले असता त्याने मोनेचे किंवा स्वतःचे नाव न घेता सिस्लेचे घेतले, अशी हकिकत नमूद आहे. ज्या निष्ठेमुळे पिसारोने त्याचे नाव घेतले, तीच त्याच्या उपेक्षेलाही कारण झाली, असे माझे मत आहे. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना वळणे हवी असतात. आज एक टप्पा, उद्या दुसरा, मग बंड, मग नवा शोध, असे काही असले की प्रकरण रचता येते. सिस्लेच्या बाबतीत प्रकरण रचायला सामग्रीच नाही. ती चित्रे एकेक करून पाहावी लागतात.

नागरिकत्वाची गोष्ट मात्र खेदाची आहे. आयुष्याच्या अखेरीस त्याने फ्रेंच नागरिक होण्यासाठी खटपट केली, पण आजारपण आडवे आले. फ्रान्समध्ये जन्मलेला आणि जवळजवळ सारे आयुष्य फ्रान्समध्येच काढलेला हा चित्रकार ब्रिटिश प्रजाजन म्हणूनच वारला.

प्रश्न : तो श्रीमंत घरातला होता, असे एका पुस्तकात वाचले आणि दारिद्र्यात गेला, असे दुसऱ्या पुस्तकात. यांतले खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही खरे आहे, फक्त मध्ये १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आहे. तोवर वडिलांकडून पैसा येत असे आणि चित्र विकलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर नव्हती. त्यामुळे तिशीपर्यंत त्याने बेताचीच चित्रे काढली. युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. बुजिव्हाल येथील त्याचे घर सैनिकांच्या ताब्यात गेले आणि तेथे असलेले त्याचे बरेचसे काम नष्ट झाले. त्याची आरंभीची चित्रे आज इतकी थोडी उरली आहेत त्याचे हेही एक कारण आहे. मित्र बाझील नोव्हेंबर १८७० मध्ये रणांगणावर मारला गेला. वडिलांचा धंदा बुडाला. यूजेनी ही त्याची सहचारिणी आणि पिएर व जान ही दोन लहान मुले, एवढ्यांचे पोट आता कुंचल्यावर चालवायचे होते.

पहिली दोन-तीन वर्षे बरी गेली, कारण पॉल द्युराँ-रुएल हा कलाविक्रेता या मंडळींची चित्रे धडाक्याने विकत घेत होता. पुढे त्याचेच हात आखडले. मार्च १८७५ मध्ये मोने, रन्वार, बेर्त मोरिसो आणि सिस्ले यांनी पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात आपली चित्रे विक्रीला काढली, तेव्हा हुल्लडबाजी होऊन पोलीस बोलवावे लागले. सिस्लेची एकवीस चित्रे होती आणि त्यांना शंभर-सव्वाशे फ्रँकच्या आसपास भाव मिळाले. १८७८ मध्ये त्याने तेओदोर द्युरे या समीक्षक मित्राला पत्र लिहून विचारले की, सहा महिने दरमहा ५०० फ्रँक देणारा आणि त्या मोबदल्यात तीस चित्रे घेणारा कोणी जाणकार माणूस मिळेल काय? हिशेब केला तर एका चित्राला शंभर फ्रँक पडतात. पॅरिसमधला कुशल कारागीर त्या काळी दिवसाला पाचेक फ्रँक मिळवत असे, हे लक्षात घेतले म्हणजे मागणी किती माफक होती ते कळते. द्युरे यांनी एक गिऱ्हाईक मिळवून दिले, पण त्याने सातच चित्रे घेतली. पुढच्या वर्षी सिस्लेने सालों या सरकारी वार्षिक प्रदर्शनाकडे चित्रे पाठवली, ती नाकारली गेली. त्याच वर्षी त्याला राहत्या जागेतून बाहेर काढण्यात आले आणि प्रकाशक शार्पाँतिए मदतीला आले नसते तर बिऱ्हाड रस्त्यावर आले असते. युजेन म्यूरर हा मिठाईवाला खाणावळमालकही त्याच्या आधारस्तंभांपैकी एक. आपल्या खाणावळीत तो या चित्रकारांना जेवू घाली आणि त्यांची चित्रे घेई. १८८२ मध्ये युनियन जनरल ही बँक कोसळली आणि तिच्या पैशावर विसंबलेला द्युराँ-रुएल पुन्हा अडचणीत आला. त्याची झळ अर्थातच सिस्लेलाही बसली.

एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. सिस्लेविषयीच्या बहुतेक लिखाणात त्याची गरिबी इतकी जागा व्यापते की चित्रांना कोपराच उरतो. ती गरिबी खरी होती, पण १८७२ ते १८७८ या काळात, ओढगस्तीच्या वर्षांतही, त्याने जे काम केले, त्यात तिची सावलीही दिसत नाही. ती चित्रे इतकी निवांत आहेत की घरभाडे थकलेल्या माणसाने ती काढली असतील, यावर विश्वास बसू नये.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना मैदानात बसवून निसर्गचित्र काढायला लावले की ती झाड, डोंगर, घर आधी काढतात आणि उरलेल्या जागेत निळा रंग भरतात. सिस्ले आभाळापासून सुरुवात करीत असे, असे वाचले. हे खरे असल्यास त्याची पद्धत समजावून सांगावी. (एक कलाशिक्षिका, चिपळूण)

उत्तर : खरे आहे आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. कलासमीक्षक आदोल्फ ताव्हेर्निए यांना पाठवलेल्या पत्रात तो म्हणतो, त्याचा आशय असा : आभाळ ही केवळ पार्श्वभूमी नव्हे, जमिनीला जसे एकामागे एक पातळ्यांचे थर असतात तसेच आभाळालाही असतात, त्यानेच चित्राला खोली येते आणि गतीही येते, म्हणून मी नेहमी आभाळापासूनच आरंभ करतो. याच पत्रात आणखी एक महत्त्वाचे सूत्र आहे. एकाच चित्रात सगळीकडे रंग सारख्या हाताने लावू नये, असे त्याचे म्हणणे होते. काही भाग गुळगुळीत राहू द्यावा, काही ठिकाणी रंग जाड आणि खरखरीत यावा, कारण प्रकाशामुळे वस्तूंचे पृष्ठभाग निरनिराळ्या तऱ्हेने थरथरतात.

हे उघड्यावर बसून करणे शक्य झाले ते काही साध्या साधनांमुळे. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती एकदा टोचली की रंग वाळू लागे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणारी, झाकण लावून बंद करता येणारी धातूची नळी काढली आणि रंग खिशात टाकून हिंडता येऊ लागले. घडीचा ईझल, टिनच्या पट्टीत बसवलेले चपटे कुंचले आणि पॅरिसच्या आसपासच्या खेड्यांना जोडणारी आगगाडी यांचाही त्यात वाटा आहे. सिस्लेचे कॅनव्हास बहुधा दोन-अडीच फुटांच्या आतबाहेरचे, म्हणजे काखोटीला मारून नेता येतील असे असत.

आता त्याचे एक चित्र जवळून पाहू. मार्च १८७६ मध्ये सीन नदीला पूर आला आणि पोर-मार्ली या गावात पाणी शिरले. सिस्ले तेव्हा शेजारच्याच मार्लीत राहत असे. पुराची त्याने सहा-सात चित्रे काढली. त्यांतले सर्वांत गाजलेले सुमारे दोन फूट उंच आणि पावणेतीन फूट रुंद असून पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. डावीकडे दारूच्या व्यापाऱ्याचे उंच घर. दुकानाच्या पाटीवर नावाड्यांचा संत सेंट निकोलस याचे नाव आहे. रस्ता होता तेथे आता पाणी आहे आणि त्यात होडी आली आहे. उजवीकडे झाडांची रांग पाण्यात उभी आहे. पुराचे चित्र म्हटल्यावर आक्रोश, धावपळ, वाहून जाणारी गुरे यांची आपण अपेक्षा करतो. येथे त्यांतले काहीच नाही. पाणी चढायचे ते चढून गेले आहे आणि गाव त्याच्याशी जमवून घेत आहे.

वरच्या मोठ्या भागात ढगांनी भरलेले आभाळ आहे. ते राखाडी आहे असे प्रथम वाटते. जवळ गेल्यावर त्यात पांढरा, फिकट निळा आणि किंचित तपकिरी असे पट्टे वेगवेगळ्या दिशांनी ओढलेले दिसतात. तेच रंग खाली पाण्यात उतरतात, पण तेथे कुंचल्याचे फटकारे आखूड आणि आडवे होतात. घराची भिंत मात्र जवळजवळ सपाट रंगवलेली आहे. आभाळ, पाणी आणि भिंत यांच्यातला फरक रंगापेक्षा हाताच्या चालीने दाखवला आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. त्या उभ्या घट्ट भिंतीमुळेच भोवतालचे सगळे हलते आहे, याची जाणीव होते. पिसारोने सिस्लेच्या मृत्यूपूर्वी आठवडाभर आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या एका पुराच्या चित्राचा श्रेष्ठ कृती म्हणून मुद्दाम उल्लेख केला आहे.

मुलांसाठी सूचना एवढीच करीन की, त्यांना एक तास फक्त आभाळ रंगवू द्यावे, जमीन नंतर. कोकणात जून महिन्याइतका चांगला विषय दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : सिस्लेच्या बर्फाच्या चित्रांत सावल्या निळ्या दिसतात. बर्फावरची सावली खरोखर निळी असते, की ती चित्रकाराची लहर? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : खरोखर निळी असते. निरभ्र दिवशी बर्फावर थेट ऊन पडते तेथे पिवळसर प्रकाश असतो. जेथे वस्तूच्या आडामुळे ऊन पोहोचत नाही तेथे फक्त आभाळातून विखुरलेला निळा प्रकाश पोहोचतो आणि पांढरा बर्फ तो जसाच्या तसा परत पाठवतो. चित्रशाळेत वाढलेल्या पिढ्यांना सावली म्हणजे काळा किंवा तपकिरी, असे शिकवले गेले होते, म्हणून पाहणाऱ्यांना ती लहर वाटली. दृक्प्रत्ययवाद्यांनी दिसते तेच काढले. कोबाल्ट निळा आणि १८६० च्या सुमारास बाजारात आलेला सेरुलियन निळा हे रंग त्यांच्या हाताशी होते, हेही ध्यानात घ्यावे.

सिस्लेच्या बर्फात मात्र मोनेइतके लख्ख ऊन क्वचित असते. त्याला ढगाळ दिवस अधिक मानवत. १८७८ चे ‘लूव्हसिएन येथील बर्फ’ हे ओर्सेमधलेच चित्र पाहावे. दोन्ही बाजूंना भिंती आणि झुडपे असलेली अरुंद गल्ली, सर्वत्र नुकताच पडलेला बर्फ आणि दूरवर एक छोटी गडद आकृती. आभाळ आणि जमीन जवळजवळ एकाच उजळपणाची आहेत. असे चित्र सांभाळणे फार कठीण असते, कारण पांढऱ्याच्याच पाच-सहा छटांवर सगळा डोलारा उभा असतो. ती मानवाकृती झाकून पाहिली तर गल्लीची लांबी कळेनाशी होते. अंतर मोजायला तीच एक खूण आहे.

प्रश्न : मोरे येथील चर्चची त्याची चित्रमालिका ही मोनेच्या रुआँ कॅथीड्रलची नक्कल आहे, असे आमच्या अध्यापकांनी सांगितले. आपले मत काय? (एक विद्यार्थिनी, बडोदे)

उत्तर : प्रेरणा घेतली असणे शक्य आहे, पण ती नक्कल नव्हे. मोनेने रुआँचे काम १८९२ मध्ये सुरू केले आणि त्याआधी १८९१ मध्ये त्याच्या गवताच्या गंजींची मालिका पॅरिसमध्ये प्रदर्शित होऊन गाजली होती. त्यामुळे एकच विषय निरनिराळ्या वेळी रंगवण्याची कल्पना तेव्हा सर्वांनाच ठाऊक होती. सिस्लेने १८९३ आणि १८९४ मध्ये मोरे-सुर-ल्वाँ येथील नोत्र-दाम चर्चची चौदाच्या आसपास चित्रे काढली. ऊन, पाऊस, दहिवर, संध्याकाळ असे काळवेळ त्याने घेतले.

फरक असा की, मोने कॅथीड्रलच्या इतका जवळ उभा राहतो की इमारतीचा दर्शनी भागच सगळा कॅनव्हास भरून टाकतो आणि दगड प्रकाशात विरघळून जातो. सिस्ले रस्त्याच्या टोकाला उभा राहतो. चर्चबरोबर शेजारची घरे, रस्ता, ये-जा करणारी चार माणसे आणि वरचे आभाळ हे सगळे त्याला हवे असते. त्याचे चर्च कितीही पाऊस पडला तरी दगडाचेच राहते. मोनेसाठी वास्तू हे निमित्त होते; सिस्लेसाठी ती त्याच्या गावातली जागा होती, कारण १८८० पासून तो मोरे आणि आसपासच्या खेड्यांत राहत होता आणि १८८९ नंतर मोरेतच कायमचा स्थायिक झाला होता.

ही मालिका मोनेच्या मालिकेच्या तोडीची आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १८८० नंतरचे सिस्लेचे काम एकसारखे नाही. रंग जाड होत गेला, गुलाबी-जांभळ्या छटा वाढल्या आणि काही चित्रांत कष्ट दिसू लागले, जे पूर्वी पॅरिसजवळच्या लूव्हसिएन गावी राहत असतानाच्या दिवसांत कधीच दिसले नव्हते. ल्वाँ नदीवरच्या पुलाची आणि पिंपळासारखी पाने हलवणाऱ्या पॉप्लर वृक्षांची काही चित्रे त्याला अपवाद आहेत. त्याच्या आयुष्यातील शिखर कोणते, असे विचारल्यास मी १८७२ ते १८७८ हीच वर्षे सांगेन. १८७४ च्या उन्हाळ्यात गायक आणि संग्राहक झाँ-बातिस्त फोर याच्या खर्चाने तो लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट परिसरात गेला होता. तेथे काढलेली टेम्स नदीची चित्रेही याच काळात मोडतात आणि पुलाखाली उभे राहून काढलेले त्यांतले एक तर त्या पिढीच्या सर्वांत धीट रचनांपैकी आहे.

प्रश्न : मी सध्या वेल्समधील कार्डिफ येथे राहते. येथील संग्रहालयात सिस्लेने वेल्समध्ये काढलेली चित्रे पाहिली आणि आश्चर्य वाटले. तो येथे कसा आला? (एक वाचक, मूळच्या सोलापूरच्या)

उत्तर : तो आला लग्न करायला. यूजेनी आणि सिस्ले १८६६ पासून एकत्र राहत होते, पण विवाह झालेला नव्हता. १८९७ च्या आरंभी पॅरिसमध्ये झॉर्झ पती (Petit) या कलाविक्रेत्याच्या दालनात त्याच्या दीडशेच्या आसपास कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले. वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही आणि विक्री जवळजवळ झालीच नाही. प्रकृतीही खालावत होती. त्या उन्हाळ्यात रुआँचे उद्योजक फ्राँस्वा देपो यांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि दोघे वेल्सला आले. आधी पेनार्थला मुक्काम झाला. ५ ऑगस्ट १८९७ रोजी कार्डिफच्या नोंदणी कार्यालयात दोघांनी विवाह केला, त्यामुळे मुलांची बाजूही कायद्याने सुरक्षित झाली. त्यानंतर स्वानसीजवळच्या लँगलंड उपसागराकाठी एका हॉटेलात ते राहिले.

नदीच्या काठी सारी हयात घालवलेल्या या माणसाच्या चित्रांत तोवर समुद्र फारसा कधी आला नव्हता. पेनार्थच्या कड्यावरून त्याने खाडीतून जाणारी जहाजे काढली आणि लँगलंडला लाटांच्या माऱ्यात उभा असलेला एकच मोठा खडक भरतीत, ओहोटीत, संध्याकाळी पुन:पुन्हा रंगवला. वेल्समध्ये काम करणारा दृक्प्रत्ययवादी मंडळींतला तो एकटाच. ही चित्रे पाहिल्यावर थकल्याभागल्या माणसाचे काम, असे कोणी म्हणणार नाही. मोरेच्या काही चित्रांत जो जडपणा आला होता, तो येथे नाही.

पुढचे फार लवकर घडले. ८ ऑक्टोबर १८९८ रोजी यूजेनी वारली. सिस्लेला घशाचा कर्करोग झाला होता. अखेर जवळ आल्याचे कळताच त्याने मोनेला बोलावून घेतले आणि मुलांकडे लक्ष ठेवण्यास सांगितले. २९ जानेवारी १८९९ रोजी मोरे येथे त्याचा मृत्यू झाला. मोनेने शब्द पाळला. मित्रांकडून चित्रे मागून त्याने १ मे रोजी सिस्लेच्या मुलांसाठी लिलाव भरवला. त्यात सिस्लेच्या घरातली सत्तावीस चित्रेही होती आणि एकूण रक्कम लाख फ्रँकच्या पुढे गेली. मार्च १९०० मध्ये तर पोर-मार्लीच्या पुराचे चित्र काउंट इसाक द कामोंदो यांनी ४३,००० फ्रँकना घेतले. वर द्युरे यांना लिहिलेल्या पत्रातला शंभर फ्रँकचा भाव दिलाच आहे.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनाही दृक्प्रत्ययवादी म्हणतात. त्यांची आणि सिस्लेची तुलना होऊ शकेल काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एका मर्यादेपर्यंत. आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ब्रिटिश वास्तववादी पद्धतीने शिकले आणि कोल्हापूरला परतून छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. कोटितीर्थाच्या काठी त्यांनी मुक्काम केला आणि ते तळे, रंकाळा, संध्यामठ हे विषय आयुष्यभर रंगवले. एका लहानशा पाणथळ परिसराला चिकटून राहणे आणि बदलत्या प्रकाशात तोच विषय पुन:पुन्हा घेणे, ही दोघांतली समान गोष्ट. परंतु आबालालांची मानवाकृतीवरची हुकमत आणि जलरंगातले काम हा त्यांचा मोठा भाग सिस्लेत नाही. त्यांचा गौरव करण्यासाठी त्यांना फ्रेंच चित्रकारांच्या रांगेत बसवण्याची गरज मला वाटत नाही.

प्रश्न : युरोपला जाण्याचा योग आहे. सिस्लेची मूळ चित्रे कोठे पाहावीत? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : पॅरिसचे ओर्से संग्रहालय पहिले. गुस्ताव्ह काय्येबोत या चित्रकाराने आपला संग्रह राष्ट्राला दिला, तेव्हा त्यातील सिस्लेच्या नऊ चित्रांपैकी सरकारने सहाच स्वीकारली होती. आज त्याच संग्रहालयाच्या भिंतीवर त्याची डझनावारी चित्रे आहेत. दुसरे ठिकाण रुआँचे कलासंग्रहालय. वर उल्लेखिलेल्या देपो यांनी १९०९ मध्ये आपला संग्रह त्या शहराला दिला, त्यात सिस्लेची बरीच चित्रे असून पुराचेही एक आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १८७२ चा व्हिलनव्ह-ला-गारेनचा पूल आहे आणि कार्डिफचा उल्लेख आलाच.

दक्षिण फ्रान्समधील नीसच्या संग्रहालयात मोरेजवळच्या पॉप्लर वृक्षांच्या रस्त्याचे १८९० चे चित्र आहे. ते आजवर तीनदा चोरीला गेले : १९७८ मध्ये मार्सेय येथे प्रदर्शनाला नेले असता, १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये. १९९८ च्या चोरीत खुद्द संग्रहालयाच्या अभिरक्षकाचाच हात असल्याचे सिद्ध होऊन त्याला तुरुंगवास झाला. तिन्ही वेळा चित्र परत मिळाले, शेवटचे २००८ मध्ये.

वेळ असल्यास पॅरिसहून आगगाडीने मोरेला अवश्य जावे. प्रवास तासाभराचा आहे. ल्वाँवरचा पूल, चर्च आणि सिस्लेचे घर ही सर्व ठिकाणे पायी फिरण्याजोगी आहेत. शक्यतो ढगाळ दिवस निवडावा आणि पुलापलीकडच्या काठावर उभे राहावे. त्याने बहुतेक चित्रे त्या बाजूने काढली आहेत.